चिनी गाडीतून धर्मापुरीला

पुण्यातून सकाळी सहाला निघालो तेव्हा गाडीच्या पडद्यावर आकडा होता चारशे दहा किलोमीटर. एवढे अंतर आपण एका दमात जाऊ, असे गाडीचे म्हणणे होते. माझे तसे काही म्हणणे नव्हते. ही विजेवरची, चिनी कंपनीची गाडी मुलाच्या आग्रहाने घेऊन सहा महिने झाले होते, पण मंडई, बँक आणि दोन लग्ने यापलीकडे मी तिला नेले नव्हते. आता एकदम बीड जिल्हा.

याला कारण मधुकरराव. आम्ही दोघे भूमापन खात्यात चौदा वर्षे एकत्र होतो. निवृत्तीनंतर ते गेवराईला आपल्या घरी परतले आणि मी पुण्यात राहिलो. त्यांची जुनी डिझेलची जीप यंदा अखेरची थकली. नवी गाडी घ्यायची होती आणि ती विजेची घ्यावी की पुन्हा डिझेलची, यावर ते सहा महिने रोज संध्याकाळी मला फोन करत होते. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "लेलेसाहेब, अजून पेटली न्हाई ना?"

दिवाळीच्या तोंडावर मात्र त्यांचा सूर बदलला. त्यांच्या पत्नीला, सुमनवहिनींना, गाडी लागते. डिझेलचा वास आला की पहिल्याच वळणाला त्यांना मळमळते. त्यांचे माहेर परळीजवळच्या धर्मापुरीचे, पण या त्रासापायी त्या नऊ वर्षांत तिकडे फिरकल्या नव्हत्या. शेवटच्या वेळी भाचीच्या लग्नाला गेल्या, तेव्हा अक्षता पडेपर्यंत आतल्या खोलीत डोक्याला ओला पंचा गुंडाळून पडून होत्या. म्हणून दर भाऊबीजेला त्यांचा भाऊ दत्ताच गेवराईला येई. यंदा तो शिडीवरून घसरला आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला.

"तुमची गाडी घेऊन या," मधुकरराव म्हणाले. "वास नसतो म्हणता ना? हिला धर्मापुरीपोत्तर लागली न्हाई, तर मी हीच घेतो. लागली तर डिझेल. विषय संपला."

मला बहीण नाही. बायको भाऊबीजेसाठी ठाण्याला तिच्या भावाकडे जाणार होती. मी होकार दिला.

अहिल्यानगरला एका हॉटेलच्या आवारात तासभर गाडी चार्ज केली आणि शेवगावच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. वेचणी अर्धी झालेली, त्यामुळे शेते कुठे पांढरी, कुठे तपकिरी. शेवगावच्या पुढे चहाला थांबलो. निघताना गाडी सुरू करून आरशात पाहत बसलो होतो, तर टपरीवरचा माणूस जवळ आला.

"बंद पडली का?"

"नाही, चालूच आहे."

त्याने वाकून बॉनेटला कान लावला. "आवाज कावून न्हाई?"

"विजेची आहे. आवाज नसतो."

"मंग चालू हाय, हे कळतं कसं?"

"पुढे जाते, त्यावरून," मी म्हणालो. हे उत्तर त्याला पुरेसे वाटले नाही. मी बराच लांब गेलो तरी तो रस्त्याकडे पाहत उभा असलेला आरशात दिसत होता.

गेवराई हे हमरस्त्यावरचे गाव. ट्रकांची रांग, वाळूने भरलेले हायवा डंपर, बाजारातली झेंडूची पोती, असे सगळे ओलांडून मधुकररावांच्या दारात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ते फाटकातच मोजपट्टी घेऊन उभे होते. मला 'या' म्हणण्याआधी ते गुडघ्यावर बसले आणि गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे ते त्यांनी मोजले. मग उठून हात झटकले.

"कंपनी चिनी, जोडणी भारतात, बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे सातबाऱ्यावर मालक ते आणि कसायला आपण. ह्याला आपल्याकडं कूळ म्हणत्यात, साहेब."

आत जेवण तयार होते. येसराची आमटी (भाजलेली धान्ये आणि मसाले दळून केलेल्या पिठाची), बाजरीची भाकरी, ठेचा आणि वर दिवाळीचा फराळ. वहिनी वाढत होत्या. शेलाट्या, साठीच्या, कमी बोलणाऱ्या. मधुकरराव जेवताना गाडीवरच्या शंका काढत होते. बॅटरी गेली तर नवी कुठून आणायची? उद्या चीनशी बिनसलं तर सुटे भाग कोण देणार? उंदरांनी वायर कुरतडली तर? मी माझ्या परीने उत्तरे देत होतो. बहुतेक उत्तरे 'मुलगा म्हणत होता की' अशी सुरू होत होती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. गाडी रात्री अंगणातल्या प्लगला लावली होती, पण मध्येच वीज गेली असावी, कारण सकाळी आकडा सत्तर टक्क्यांवर अडकला होता. मधुकररावांनी गाडीसाठी केलेल्या वहीत त्याची नोंद केली. न्याहारीला सुशीला होते (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ). वहिनींनी ते खाल्ले नाही. त्या उपाशीच निघाल्या. एका पिशवीत ओवाळणीचे सामान होते, दुसरीत लिंबे, आल्याच्या वड्या आणि घडी करून ठेवलेल्या दहाबारा प्लास्टिकच्या पिशव्या. त्या पुढे माझ्या शेजारी बसल्या आणि परीक्षेला बसावे तसे त्यांनी डोळे मिटून घेतले.

बीडपर्यंतचा रस्ता सरळ होता. मागून मधुकरराव मला शेताच्या बांधावरून चाललेल्या त्यांच्या एका भांडणाची हकिकत सांगणार होते, पण त्यांनी आधी काच खाली केली आणि मान बाहेर काढली.

"असं का करता?" मी विचारले.

ते आत येऊन हळू आवाजात म्हणाले, "ह्या गाड्या आतलं समदं बोलणं तिकडं पाठवतेत म्हणे." आणि पुन्हा मान बाहेर काढून ते बोलू लागले. वाऱ्यात मला अवाक्षर ऐकू आले नाही. चीनला कळले असेल तर असेल, तो बांध कुणाचा हे मला अजून कळलेले नाही.

"इथवर आलोत तर नारायणगड दाखवतो," असे म्हणून त्यांनी मला बीडजवळून आडरस्त्याला वळवले. माळरान, सीताफळाची झुडपे आणि उंचावर देवस्थानाचा गड. वरून सगळा मुलूख पायाशी पसरलेला दिसतो. दर्शन घेऊन बाहेर आलो तर गाडीभोवती पाचसहा जण जमले होते. फेटा बांधलेला एक उंच माणूस सर्वांना गाडीविषयी सांगत होता.

"चायना माल हाय. चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक."

"पावसात शॉक बसतो म्हणे," दुसरा म्हणाला.

मी काही बोलणार, तोच मधुकरराव पुढे झाले. "कुणी सांगितलं तुमाला? पाण्यातून गेली तरी करंट आपोआप तुटतो. बॅटरीला आठ वर्षांची हमी हाय. आन तुमच्या खिशातला मोबाइल कुठला हाय, बघा जरा काढून."

फेटेवाल्याने मोबाइल काढून उलटसुलट पाहिला आणि खिशात ठेवला. मधुकररावांनी आणखी दहा मिनिटे त्या गाडीची अशी तरफदारी केली की मला स्वतःचा अभिमान वाटू लागला. मग आत येऊन बसले, दार लावले आणि म्हणाले, "आठ वर्षांची हमी म्हणतेत खरं. पण आठ वर्षांनी ती कंपनी इथं असंल का?"

वहिनींनी एवढा वेळ काहीच त्रास झाल्याचे सांगितले नव्हते. एकदा डोळे उघडून त्या म्हणाल्यासुद्धा, "वास खरंच न्हाई." मधुकररावांचा हात वहीकडे गेला होता. पण वडवणी ओलांडल्यावर रस्त्यावर ट्रॅक्टर, दुचाक्या आणि भाऊबीजेला निघालेली गच्च भरलेली वाहने लागली. मला सारखा वेग वाढवावा आणि कमी करावा लागत होता. या गाडीत पेडलवरचा पाय उचलला की ती आपोआप आवळल्यासारखी थांबायला लागते. प्रत्येक वेळी आम्हा तिघांच्या माना पुढे जात आणि मागे येत. तेलगावच्या अलीकडे वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला. मी गाडी कडेला घेतली. त्या जेमतेम उतरल्या.

परत येऊन त्या लिंबाच्या झाडाखाली दगडावर बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. मधुकरराव पाण्याची बाटली धरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर वाद जिंकल्याचा आनंद असेल असे मला वाटले होते, पण तसे काही दिसले नाही.

"वास न्हाई तरी?" ते म्हणाले.

"वास न्हाई. पण ही मान हलवती." वहिनींनी तोंड पुसले. "तुमी दोघं जावा. दत्ताला सांगा, आलते म्हणून. मला परतीची एसटी बघून द्या."

"एसटीत तर लईच लागते तुला."

"मंग इथंच बसते."

 रस्त्याच्या पलीकडे एका जिनिंगचे (सरकी काढायच्या कारखान्याचे) आवार दिवाळीमुळे रिकामे पडले होते. वहिनी तिकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "माहेरी आण्णाचा, बापाचा ट्रॅक्टर चालवायचे, तवा न्हाई लागली कधी."

"तुम्ही ट्रॅक्टर चालवत होता?" मी विचारले.

"लग्नाआधी. दोन वर्षं."

माझ्या मनात आलेला विचार मी बोलून दाखवायला कचरत होतो. मधुकररावांनीच तो पूर्ण केला, पण वेगळ्या सुरात. "तसं तर लायसनबी हाय तिच्याकडं. मीच काढून दिलतं. पुढं जीपवर शिकवायला घेतली, तर क्लच सोडताना एकदा गटारात घातली. तवापासून न्हाई बसली."

"गटारात घातल्यावर तुमी चौकात काय बोललात, ते बी सांगा भावजींना," वहिनी शांतपणे म्हणाल्या.

 मधुकररावांनी कागदपत्रांची पिशवी उघडली. मागच्याच वर्षी नूतनीकरण केलेले लायसन त्यात होते. बँकेत ओळख पटवायला बरे पडते म्हणून ते जपून ठेवत. मी ते उलटसुलट पाहिले. मुदत शिल्लक होती.

जिनिंगच्या रखवालदाराने काही न विचारता फाटक उघडून दिले. वहिनी स्टिअरिंगमागे बसल्या, पदर खोचला आणि पायाशी वाकून पाहिले.

"क्लच कुठं हाय?"

"नसतो."

"गेर?"

"टाकावा लागत नाही. ही कळ फिरवायची, की पुढे."

त्यांनी त्या कळीला बोट लावून पाहिले. "मंग शिकवायचं काय होतं एवढं?"

त्या आवारात त्यांनी सात फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत गाडी चालते आहे की ढकलली जाते आहे हे कळत नव्हते. चौथ्या फेरीत कापसाच्या जुन्या गासड्यांना वळसा घालताना त्यांनी सफाईने पाय हलका केला. सातव्या फेरीला त्या थेट फाटकातून बाहेर पडल्या आणि परळीच्या रस्त्याला लागल्या. मी शेजारी होतो. मधुकरराव मागे दोन्ही हातांनी वरची कडी धरून बसले होते.

वहिनी तीसच्या वर जात नव्हत्या. पाय उचलताना इतक्या हळू उचलत की गाडी थांबते आहे हे कळतही नसे. ऊसतोडीला निघालेल्या मजुरांचे ट्रॅक्टर, भांडी-अंथरुणांनी लादलेले, मोठ्याने गाणी लावून पुढे चालले होते. त्यांच्या मागे त्या बराच वेळ राहिल्या. मग एका सरळ पट्ट्यावर त्यांनी इशारा दिला आणि दोन्ही ट्रॅक्टर मागे टाकले. ट्रॉलीतल्या बायका वाकून पाहत होत्या. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले नाही, पण आमच्याकडेही पाहिले नाही. त्यांचे ओठ किंचित मिटले होते. मुलाला फोन करून मी, पाय उचलताच गाडी आवळते त्याबद्दल विचारले. ते आवळणे कमी करायची सोय पडद्यावरच आहे, असे त्याने सांगितले. सहा महिने ती मला माहीत नव्हती.

सिरसाळ्याजवळ मागून क्षीण आवाज आला. "सुमन, जरा बाजूला घे."

"कावून?"

"घे म्हणतो ना."

वहिनींनी स्वतःसाठी घेतलेल्या त्या प्लास्टिकच्या पिशव्यांपैकी तीन मधुकररावांनी परळी येईपर्यंत वापरल्या. लिंबेही. वहिनींनी आल्याची वडी मागे दिली आणि "खिडकीबाहेर लांब बघा, जवळ न्हाई," असा सल्ला दिला. मी तोंड दुसरीकडे वळवून परळीच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या फार लक्षपूर्वक पाहत राहिलो.

परळीतल्या चार्जिंगच्या जागेला सणामुळे कुलूप होते. तसेच पुढे निघालो आणि दुपारी धर्मापुरीत शिरलो. दत्ता ओसरीवर खुर्चीत बसला होता, प्लास्टरचा पाय समोर स्टुलावर. अंगणात पांढरी गाडी येऊन थांबली, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले. मग मागच्या दारातून धडपडत उतरणाऱ्या मेहुण्यांकडे पाहिले. बहीण कुठे आहे, हे त्याला कळेना. वहिनी उजव्या दारातून उतरल्या.

"आक्का, तू?" तो म्हणाला आणि उठायला गेला. त्याच्या बायकोने त्याला खांद्याला धरून बसवले.

"बस, बस. पाय हाय त्यो," वहिनी म्हणाल्या.  त्या पायरीवर न थांबता सरळ आत गेल्या, नऊ वर्षे न पाहिलेल्या स्वयंपाकघरात. बऱ्याच वेळाने तबक घेऊन बाहेर आल्या तेव्हा डोळे धुतलेले दिसत होते. भावाला खुर्चीतच ओवाळले. जेवायला त्या सर्वांत आधी बसल्या आणि चार पुरणपोळ्या खाल्ल्या. मधुकररावांनी ताक घेतले.

परतीचा प्रश्न नंतर आला. बॅटरी वीस टक्क्यांवर होती. दत्ताच्या घरच्या प्लगला चार्जर लावला, तर लाल दिवा लागला. घराचे अर्थिंग नीट नाही, असा त्याचा अर्थ. अंगणात तोवर अर्धी गल्ली जमली होती आणि प्रत्येकाचे एक निदान होते. शेवटी शेजारच्या पिठाच्या गिरणीचे मालक रज्जाकचाचा आले. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया, हातात पाना.

"माझ्याकडं लावा," ते म्हणाले. "आज सणाचं दळण न्हाई."

गाडी गिरणीपाशी नेली. तिथेही लाल. चाचांनी जमिनीतल्या एका खड्ड्यावरची फरशी उचलली, आत डोकावले आणि मान हलवली. "अर्थिंग वाळली. हिला पाणी पाजावं लागतंय." दोन बादल्या पाणी आणि मूठभर मीठ त्या खड्ड्यात गेले. दिवा हिरवा झाला. जमलेल्या लोकांनी चिनी गाडीपेक्षा चाचांकडे जास्त कौतुकाने पाहिले.

"किती वेळ लागंल?" मधुकररावांनी विचारले.

"पुरेसे भरायला उद्या दुपार होईल," मी म्हणालो.

"बघा. म्हणून म्हणतो, डिझेल असतं तर पाच मिंटात..."

"चाचा, घाई न्हाई आमाला," वहिनी म्हणाल्या. "सावकाश होऊ द्या."

त्या रात्री त्या माहेरी राहिल्या. सकाळी लोक दळणाचे डबे घेऊन आले. गिरणी सुरू झाली की वीज कमी पडून चार्जिंग बंद होई, म्हणून चाचांनी दळण आणि गाडी आळीपाळीने घेतली. त्या वेळात वहिनींनी मला गावातले जुने देऊळ दाखवले. काळ्या दगडाचे, भिंतींवर बाहेरून सुरसुंदरींची शिल्पे. लहानपणी त्या आणि मैत्रिणी एकेक मूर्ती वाटून घेत, असे त्यांनी सांगितले. त्यांची कोणती ते दाखवले. नाक झिजलेली, पण उभी राहण्यात मोठी ऐट होती. तिथे त्या तासभर बसल्या. दोन जुन्या मैत्रिणी भेटायला आल्या, मग तिसरी आली. मी देवळाला आणखी तीन प्रदक्षिणा घातल्या.

दुपारी निघालो. गाडी कोण चालवणार हे कुणी विचारले नाही. बीडला थोडे चार्जिंग करून संध्याकाळी गेवराईला पोचलो. या वेळी मधुकरराव पुढे बसले होते आणि लांब पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बॅग ओट्यावर होती आणि मी शेवटचा चहा घेत होतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, जरा किल्ली द्या. कोपऱ्यावरून तुमच्यासाठी सीताफळं आणते." मी दिली. पंधरा मिनिटे गेली, अर्धा तास गेला. मधुकरराव फाटकाशी गेले आणि परत आले. "ट्रकचा रस्ता हाय, साहेब," ते म्हणाले. फोन केला, तर तो आतल्या टेबलावरच वाजला. तासाभराने गाडी हळूच अंगणात वळली. मागच्या सीटवर सीताफळांची टोपली होती.

"कुठं गेलतीस?" मधुकररावांनी विचारले. आवाज चढला नव्हता.

"गोदावरीपोत्तर. पुलाच्या अलीकडं थांबले. पाणी बघितलं, आले."

"एकटी?"

"हां."

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारून ती चारही बाजूंनी पाहिली. मग आत गेले आणि फोनवर कुणाला तरी म्हणाले, "ती डिझेलची राहू द्या. हां, विजेचीच. चिनी हाय, म्हाईत हाय मला. शंका? शंका हायतच. पण आमच्या मंडळींना पसंत हाय."

पुण्याचा रस्ता एकट्याने कापताना टोपलीतल्या सीताफळांचा वास सोबत होता. आम्ही दोघे मित्र सहा महिने फोनवर गाडीचा कीस काढत होतो. बॅटरी, आग, सुटे भाग, चीन, सगळे झाले. वहिनी त्याच घरात, फोनपासून दहा पावलांवर होत्या आणि दोघांपैकी एकालाही त्यांना काही विचारावेसे वाटले नव्हते. अहिल्यानगर आले, गेले, आणि हा विचार काही गाडीतून उतरेना.

घरी पोचलो तेव्हा बायकोही ठाण्याहून परतली होती. तिने टोपली उचलून घेतली आणि विचारले, "कशी काय झाली गाडीची परीक्षा?"

मी किल्ली तिच्या पुढ्यात ठेवली. "तुला शिकायची आहे का चालवायला?"

तिने एक सीताफळ दाबून पाहिले, पिकले आहे की नाही ते. "सहा महिने लागले विचारायला," ती म्हणाली. "उद्या सकाळी सहाला. तेव्हा रस्ते मोकळे असतात, मी बघून ठेवलंय."